पहिला बहार पाहून झाडाचा भाव: दानिश मालेवारचा पहिला रणजी मोसम

२०२५ चा दुलीप करंडक संपला, रणजीचा २०२५-२६ चा मोसम १५ ऑक्टोबरला सुरू होणार होता, आणि मधल्या त्या दिवसांत मला सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न एकच होता: "तुझं ते आकड्यांचं शास्त्र काय म्हणते, मालेवार मोठा होईल का?" विचारणारे बहुतेक नरखेड, मोवाड, जलालखेड्याकडचेच. प्रश्न चांगला आहे, कारण माझ्या पीएचडीचा विषय साधारण हाच आहे. थोडासा पुरावा हातात असताना मोठा निर्णय कसा घ्यायचा. तेव्हा या वेळचा ब्लॉग दानिशवर.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. मी कोच नाही. त्याचा पुढचा पाय कुठे पडतो, बॅकलिफ्ट कुठून येते, यावर मी बोलणार नाही. ते सांगणारे जाणकार जामठ्यात आणि सिव्हिल लाइन्सच्या मैदानावर भरपूर आहेत. मी फक्त स्कोअरकार्ड वाचणार आहे, पण जरा हळू वाचणार आहे. तुम्हीही सोबत कागद-पेन घ्या, आठवीच्या गणिताच्या पुढे काही लागणार नाही.

आपल्या तालुक्यात हा प्रश्न समजावणं सोपं आहे, कारण संत्र्याचा सौदा असाच होतो. व्यापारी बाग पाहायला येतो. फळ अजून झाडावरच असतं आणि पूर्ण बागेचा भाव त्याला आजच सांगायचा असतो. नवखा व्यापारी रस्त्याच्या कडेची चार झाडं पाहून खूश होतो. मुरलेला माणूस मधल्या ओळीत शिरतो, विहिरीपासून लांबचं झाड पाहतो, आणि बाग पहिल्यांदाच धरली असेल तर भाव हातचा राखूनच बोलतो. मालेवारच्या बाबतीत आपण सगळे रस्त्याच्या कडेला उभे आहोत. आपण पाहिलं काय? रणजीची फायनल आणि दुलीपमधलं द्विशतक. मधल्या ओळीत कोणी गेलंच नाही.

चला, जाऊ.

२०२४-२५ हा त्याचा पहिला रणजी मोसम. ९ सामने, ७८३ धावा, सरासरी ५२.२०. म्हणजे तो १५ वेळा बाद झाला. दोन शतकं, सहा अर्धशतकं. विदर्भ तिसऱ्यांदा विजेता झाला तो याच मोसमात. आधीची दोन विजेतेपदं २०१७-१८ आणि २०१८-१९ ची. त्या वर्षी यश राठोडने ९६० धावा केल्या आणि हर्ष दुबेने ६९ बळी घेऊन एका मोसमातल्या बळींचा विक्रम केला. त्यामुळे २१ वर्षांच्या नवख्या पोराच्या ७८३ धावा खरं तर झाकोळून जायला हव्या होत्या. झाकोळल्या नाहीत, कारण फायनल.

जामठ्यात केरळने नाणेफेक जिंकून विदर्भाला फलंदाजी दिली आणि २४ धावांत ३ गडी गेले. तिथून मालेवार आणि करुण नायर यांनी २१५ धावांची भागी केली. नायर ८६ वर धावबाद झाला, मालेवार दुसऱ्या दिवशी १५३ वर बासिलच्या चेंडूवर त्रिफळाचीत. विदर्भ ३७९, केरळ ३४२. सामना अनिर्णित राहिला, म्हणजे करंडक या ३७ धावांच्या आघाडीवर आला. दुसऱ्या डावात पुन्हा सुरुवातीलाच पडझड, पुन्हा हेच दोघे, १८२ धावांची भागी, मालेवार ७३, नायर १३५. सामनावीर मालेवार. हे आपल्याला पाठ आहे.

आता कागदावर एक वजाबाकी करा. फायनलमधल्या त्याच्या धावा १५३ आणि ७३ मिळून २२६. त्या ७८३ मधून काढा, ५५७ उरतात. बाद होण्याच्या दोन वेळाही काढा, १३ उरतात. सरासरी येते ४२.८. म्हणजे एका सामन्याने मोसमाची सरासरी साडेनऊ धावांनी वर उचलली. मी असं म्हणत नाहीये की फायनल काढूनच मोजा. सगळ्यात अवघड सामन्यातल्या धावा वगळणं हा अन्याय होईल. पण ५२ आणि ४३ मध्ये जेवढं अंतर आहे, तेवढं अंतर एका सामन्याने पडतं, एवढं ध्यानात ठेवा. ५२.२० हा आकडा दोन दशांश चिन्हांपर्यंत छापला जातो म्हणून तो पक्का वाटतो. तो पक्का नाही.

किती कच्चा आहे तेही मोजता येतं. फलंदाजीचे स्कोअर फार पसरलेले असतात. कधी ०, कधी १५०. अशा आकड्यांसाठी एक कामचलाऊ नियम आहे: सरासरीला, बाद होण्याच्या संख्येच्या वर्गमुळाने भागा, तेवढी साधारण चूक गृहीत धरा. १५ चं वर्गमूळ ३.९ च्या आसपास. ५२ ला त्याने भागलं की १३ पेक्षा थोडं जास्त येतं. म्हणजे "५२, पण १३ इकडे किंवा १३ तिकडे सहज जाऊ शकेल". ३९ च्या दर्जाचा फलंदाजसुद्धा एखाद्या मोसमात ५२ ची सरासरी काढू शकतो, त्यात नवल नाही. ६५ वाला सुद्धा काढू शकतो. तो मात्र दुर्मीळ प्राणी आहे.

आणि इथेच माझ्या विषयातली सगळ्यात आवडती गोष्ट येते. ब्रॅडली एफ्रॉन आणि कार्ल मॉरिस या दोन संख्याशास्त्रज्ञांनी १९७७ साली बेसबॉलचं एक उदाहरण प्रसिद्ध केलं. १९७० च्या मोसमातले १८ खेळाडू घेतले, प्रत्येकाच्या पहिल्या ४५ संधींचे आकडे घेतले आणि विचारलं: उरलेल्या मोसमात हे कसे खेळतील? साधा अंदाज म्हणजे जे आत्तापर्यंत केलं तेच पुढे. त्यांनी उलट केलं. प्रत्येकाचा आकडा सगळ्यांच्या सरासरीकडे ओढला. जो फार वर आहे त्याला खाली, जो फार खाली त्याला वर. हा ओढलेला अंदाज एकूणात साध्या अंदाजापेक्षा कितीतरी जास्त बरोबर निघाला. कारण यादीत सगळ्यात वर असलेल्या माणसाकडे गुण असतात आणि नशीबही असतं. गुण पुढच्या वर्षी सोबत येतात. नशिबाचं तिकीट त्याच वर्षापुरतं.

हेच मालेवारवर करून पाहू. रणजीत वरच्या क्रमांकावर खेळणाऱ्यांची सरासरी समजा ३५ आणि त्यांच्यातला खरा फरक समजा ८ धावांचा. हे दोन्ही आकडे मी गृहीत धरलेत, तुम्ही दुसरे धरा आणि पुन्हा गणित करा. माझ्या आकड्यांनी मालेवारचा ओढलेला अंदाज येतो ४२ च्या जवळपास. रणजीत ४२ म्हणजे चांगला, भरवशाचा फलंदाज. पण त्याहून महत्त्वाचं पुढे आहे. पुढच्या मोसमातही तो १५ वेळा बाद झाला असं धरलं, तर त्याची सरासरी ३० ते ५४ मध्ये पडण्याची शक्यता तीनात दोन. आणि ५२ च्या वर जाण्याची शक्यता पाचात एक.

पुन्हा वाचा. पाचात एक. म्हणजे त्याने काहीही चूक केली नाही, सराव कमी केला नाही, डोक्यात हवा गेली नाही, तरी पाचात चार वेळा त्याचा दुसरा मोसम पहिल्यापेक्षा "वाईट" दिसणार. तेव्हा आपल्याकडे काय बोललं जाईल ते मी आत्ताच सांगते. "दुलीपमध्ये दोनशे मारले ना, चढलं डोक्यात." "बॉलरला कळला आता त्याचा खेळ." "पहिल्या वर्षी सगळेच चमकतात राजेहो." यातलं एखादं खरंही असू शकेल. पण त्याची सरासरी ३८ आली एवढ्यावरून यातलं काहीच सिद्ध होणार नाही. एकविसाव्या-बाविसाव्या वर्षी एखाद्या पोराला संघातून वगळण्याचे निर्णय अशाच वाक्यांवर होतात, म्हणून मी हा आकडा आधीच लिहून ठेवतेय.

उलट बाजूही सांगायला हवी. एफ्रॉन-मॉरिसच्या यादीत सगळ्यात वर रॉबर्टो क्लेमेंटे होता, ४५ पैकी १८ हिट, म्हणजे .४००. ओढलेल्या अंदाजाने त्याला .३०० च्याही खाली आणलं. उरलेल्या मोसमात तो .३४६ ने खेळला. पद्धत एकूणात बरोबर आणि क्लेमेंटेबाबत भलतीच कंजूष. कारण तो खरोखर वेगळा होता, वर्षानुवर्षं सिद्ध झालेला होता, आणि पद्धतीला ते कोणी सांगितलं नव्हतं. मालेवार आपला क्लेमेंटे असू शकतो का? असू शकतो. पण ते ठरवायला धावांच्या बेरजेपेक्षा वेगळं काही बघावं लागेल. तिथेच फटक्यांची निवड येते.

त्याआधी एक तक्रार निकालात काढते. "अर्धशतकं करतो, पण शतकात बदलत नाही." सहा अर्धशतकं, दोनच शतकं, म्हणून हे बोललं जातं. ५२ सरासरीच्या, प्रत्येक धावेला बाद होण्याचा धोका सारखाच असलेल्या एका काल्पनिक फलंदाजाने १५ डावांत किती वेळा ५० गाठली असती? पावणेसहा वेळा. शंभर? दोनपेक्षा थोडं जास्त. मालेवारने पन्नाशी आठ वेळा गाठली आणि शंभरी दोन वेळा. म्हणजे शतकं अपेक्षेइतकीच आहेत. वेगळेपणा पन्नाशीत आहे: नवखा असून तो सुरुवातीला कमी वेळा बाद झाला. खऱ्या खेळात तर नजर बसेपर्यंतचा धोका जास्तच असतो, त्यामुळे त्या आठचं वजन आणखी वाढतं. तक्रार म्हणून जे सांगितलं जातंय, तीच त्याची मोठी जमेची बाजू आहे. आपल्याकडे मोजणी नीट केली नाही की असं होतं.

आता मुख्य मुद्दा. दोन डाव समोर ठेवा. पहिला, फायनलमधला: २८५ चेंडूंत १५३, त्यात १५ चौकार, ३ षटकार. दुसरा, ऑगस्ट २०२५ मध्ये बंगळुरूला, दुलीपच्या उपांत्यपूर्व फेरीत मध्य विभागाकडून ईशान्य विभागाविरुद्ध: २२२ चेंडूंत २०३, ३६ चौकार, १ षटकार. स्ट्राईक रेट पहिल्यात ५४, दुसऱ्यात ९१. वरवर पाहता हे दोन वेगळे फलंदाज. पहिला पुजाराच्या शाळेतला, दुसरा भलत्याच.

बाउंड्री बाजूला काढा. फायनलमध्ये चौकार-षटकारांच्या धावा ७८, त्यासाठी चेंडू लागले १८. उरले २६७ चेंडू आणि ७५ धावा. दर १०० चेंडूंना २८. बंगळुरूत बाउंड्रीच्या धावा १५०, चेंडू ३७. उरले १८५ चेंडू आणि ५३ धावा. दर १०० चेंडूंना २८.६.

मी हे पहिल्यांदा काढलं तेव्हा दोनदा तपासलं. २८ आणि २८.६! स्ट्राईक रेट जवळजवळ दुप्पट झाला, पण बाउंड्री सोडून जो खेळ आहे तो तसूभर हलला नाही. सगळा फरक एकाच ठिकाणी: जामठ्यात त्याने सरासरी १६ चेंडूंना एक बाउंड्री मारली, बंगळुरूत ६ चेंडूंना एक.

याचा अर्थ मी असा लावते. त्याच्याकडे फटके होते. ३६ चौकार मारायला लागतात तेवढे सगळे होते, आणि सहा महिन्यांत कोणी नवे ३६ चौकार शिकत नाही. फायनलमध्ये ते त्याने खिशात ठेवले. २४ वर ३ असताना, समोर जलज सक्सेना आणि आदित्य सरवटे टिच्चून टाकत असताना, त्याने मारण्यासारखा चेंडू येईपर्यंत थांबायचं ठरवलं. बंगळुरूत मारण्यासारखे चेंडू जास्त आले, कारण गोलंदाजी तेवढी तिखट नव्हती. ईशान्येतल्या बहुतेक राज्यांना रणजीत जागा मिळायला लागली तीच २०१८-१९ पासून. तिथे त्याने थांबायचं काही कारण नव्हतं आणि तो थांबला नाही. फटके तेच, निवडीचा नियम तोच, चेंडू वेगळे. नवख्या खेळाडूत हे क्वचित दिसतं. बरेच नवखे एकच गती घेऊन येतात. मंद असतील तर सोप्या गोलंदाजीवरही मंद, भन्नाट असतील तर २४ वर ३ असतानाही भन्नाट.

बास्केटबॉलवाले या बाबतीत आपल्यापेक्षा पुढे आहेत. तिथे कुठून शॉट मारला आणि त्याची किंमत किती, हे प्रत्येक शॉटचं मांडून ठेवतात. गणित साधं आहे. ४२ टक्के जाणारा दोन गुणांचा शॉट म्हणजे सरासरी ०.८४ गुण, ३६ टक्के जाणारा तीन गुणांचा म्हणजे १.०८. म्हणून दुरून मारा. सॅन अँटोनियोचा व्हिक्टर वेम्बान्यामा २०२३-२४ मध्ये नवखा होता. सामन्याला २१.४ गुण, पण तीन गुणांचे शॉट ३२.५ टक्केच आत, म्हणजे शॉटमागे ०.९८ गुण. साडेसात फुटाच्या आसपास उंचीचा माणूस बास्केटखाली उभा राहायचं सोडून दुरून का मारतो, शॉट निवडता येत नाही का याला, अशी टीका बरीच झाली. संघाने मारू दिलं. पुढच्या मोसमात त्याने दुरून आणखी जास्त मारले आणि ३५.२ टक्के घातले. १.०६. नवख्याची "वाईट निवड" म्हणजे कधीकधी शिकण्याची फी असते.

मग मालेवारलाही फी भरू द्यावी का? इथे बास्केटबॉलचा धडा क्रिकेटला जसाच्या तसा लागू होत नाही. तिथे चुकलेल्या शॉटची किंमत एक संधी. पुढच्या अर्ध्या मिनिटात दुसरी मिळते. इथे चुकलेल्या फटक्याची किंमत अख्खा डाव, रणजीत तर कदाचित पुढचे चार दिवस. म्हणून क्रिकेटमधला नवखा आपले फटके दाखवतच नाही, आणि आपण समजतो त्याच्याकडे ते नाहीतच. बंगळुरूच्या डावाचं मोल त्या २०३ धावांत कमी आणि या दाखवण्यात जास्त आहे. दुबळ्या गोलंदाजीवरच्या धावा म्हणून तो डाव रद्दीत टाकणाऱ्यांशी माझा वाद आहे तो यावरच.

आता माझी टीका. ती त्याच २८ वर आहे. बाउंड्रीशिवायच्या २६७ चेंडूंत ७५ धावा, म्हणजे प्रत्येक धाव एकेरी धरली तरी किमान १९२ चेंडू निर्धाव. २८५ पैकी १९२, दोन-तृतीयांशाहून जास्त. फायनलमध्ये ते शोभतं. पण बंगळुरूतही २२२ पैकी किमान १३२ निर्धाव आहेत. एवढं मोकळं रान असताना एकेरी-दुहेरीचा वेग वाढू नये? त्याच डावात रजत पाटीदारने ९६ चेंडूंत १२५ केल्या, २१ चौकार आणि ३ षटकारांसह. त्याचा बाउंड्रीशिवायचा आकडा येतो १०० चेंडूंना ३२. फार लांब नाही. म्हणजे त्या दिवशी चौकार एवढे सहज जात होते की एकेरीची गरज कोणालाच नव्हती, आणि माझी तक्रार तिथेच अर्धी होते. उरलेली अर्धी मात्र ठेवते. चांगला फिरकी गोलंदाज, चौकार अडवणारं क्षेत्ररक्षण आणि चौथ्या दिवसाची खेळपट्टी, असं एकत्र आलं की १६ चेंडूंची वाट २५ ची होते. तेव्हा २८ पुरणार नाहीत. दुसऱ्या टोकाला दरवेळी करुण नायर नसेल. त्याच्यासारखा अनुभवी फलंदाज सोबत असला की नवख्याची निर्धाव षटकं खपून जातात.

एक सवय सोडायची विनंती तुम्हालाही. जोनाथन बॅरन आणि जॉन हर्शी यांनी १९८८ मध्ये दाखवलं की निर्णय तोच, माहिती तीच, तरी निकाल वाईट लागला की लोक निर्णयालाच वाईट ठरवतात. आपल्या टपरीवर हे रोज चालतं. स्वीपला चौकार गेला की "वा, काय नजर आहे", तोच स्वीप बॅटची कड घेऊन वर उडाला की "काहून मारला बे तो?" फटका मारण्याआधीच, चेंडू हातातून सुटतानाच, मनात ठरवा: हा मारायचा की सोडायचा? मग पाहा त्याने काय केलं. निकाल नंतर.

येत्या मोसमात मी तीन गोष्टी टिपणार आहे आणि सरासरी त्यात नाही. तो दर डावाला किती चेंडू खेळतो. बाउंड्रीशिवायचा आकडा २८ वरून ३२-३३ कडे सरकतो का, विशेषतः फिरकीसमोर. आणि बाद होण्याआधीचे दहा चेंडू: ते निर्धाव होते का, म्हणजे एकेरी न मिळाल्याने वैतागून फटका गेला का, की चेंडूच चांगला होता. पहिल्या दोन गोष्टी कोणत्याही स्कोअरकार्डवरून पाच मिनिटांत निघतात. तिसरीसाठी चेंडूगणिक नोंद पाहावी लागते. जामठ्याला सामना पाहायला जाणार असाल तर वहीत ते दहा चेंडू लिहून मला पाठवा. त्याची सरासरी ३८ निघाली आणि हा २८ चा आकडा ३३ झाला, तर माझ्या हिशेबात तो मोसम पहिल्यापेक्षा चांगला असेल.